चंडीगडचे उरलेले तिघे

चंडीगड कोणी बांधले, असे विचारले की आपल्याकडे एकच नाव पुढे येते, ल कॉर्ब्युझिए. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांतही तेवढेच छापलेले असते. उत्तर खोटे नाही, पण त्यात शहराचा फार थोडा भाग बसतो. १९५० च्या अखेरीस पंजाब सरकारने बोलणी केली ती चौघांशी. कॉर्ब्युझिए यांनी सल्लागार म्हणून वर्षातून दोनदा, दर खेपेस महिनाभर यायचे आणि एरवी पॅरिसच्या कचेरीतून काम पाहायचे, असे ठरले. तीन वर्षे जागेवर राहून शहर उभे करायची जबाबदारी उरलेल्या तिघांवर आली: कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जान्नरे आणि लंडनचे दांपत्य मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू. उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानसभा या कॅपिटॉलमधल्या इमारती कॉर्ब्युझिएंच्या. पण शहरातली माणसे जिथे राहिली, शिकली, खरेदीला गेली, पिक्चर पाहून आली, ते बहुतेक सगळे या तिघांनी आणि त्यांच्याबरोबरच्या भारतीय मंडळींनी बांधले. पुढील लेख त्यांच्याविषयी आहेत.

कोणत्याही आर्किटेक्टच्या कचेरीचे माहितीपत्रक उघडा. भागीदारांचे फोटो असतात, प्रत्येकाच्या फोटोखाली शिक्षण, बक्षिसे आणि शेवटी आवडीनिवडी: कोणाला गिर्यारोहण, कोणाला छायाचित्रण, कोणाला कुंभारकाम. या चार ओळींचा त्या कचेरीच्या इमारतींशी काय संबंध, ते मात्र कधीच लिहिलेले नसते. बहुधा लिहिण्यासारखा संबंधही नसतो. चंडीगडची गोष्ट निराळी आहे. चौघे कुठे वाढले, कोणापाशी शिकले, आधी कोणासाठी बांधत होते, कशात रमत होते, हे माहीत असेल तर त्या शहराच्या भिंती, गच्च्या, खुर्च्यासुद्धा कोणाच्या हातच्या ते ओळखू येऊ लागते. या पुस्तकाचा सगळा भर त्यावर आहे.

चौघे एकत्र आले ते एका अपघातामुळे. फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मेयर यांनी केला होता आणि इमारतींचे काम त्यांचे तरुण पोलिश सहकारी मॅथ्यू नोविकी पाहणार होते. ऑगस्ट १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले. प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा नवा माणूस शोधायला युरोपात निघाले. लंडनमध्ये ते फ्राय-ड्र्यूंना भेटले. दोघांना काम हवे होते, पण हातातले काम टाकून लगेच निघणे शक्य नव्हते. १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या प्रदर्शनासाठी त्यांची धांदल चालू होती. कॉर्ब्युझिएंचे नाव या दांपत्यानेच पुढे केले. या कामात त्यांना शिरवले तर मान कोणाला मिळणार आणि मनस्ताप कोणाच्या वाट्याला येणार, याचा फ्राय यांना पुरता अंदाज होता. तरीही त्यांनी हरकत घेतली नाही. आपल्या क्षेत्रात असा मोठेपणा क्वचित दिसतो, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

म्हणजे चंडीगडात एक नवी कचेरी जन्माला आली असे म्हणण्यापेक्षा दोन जुन्या भागीदाऱ्या एका छपराखाली आल्या असे म्हणणे बरोबर होईल. एक चुलतभावांची, १९२२ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली आणि १९४० मध्ये तुटलेली. दुसरी नवराबायकोची, १९४२ पासूनची.

कॉर्ब्युझिएंबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्यावर लिहिलेली पुस्तके कपाटे भरतील इतकी आहेत. ते १८८७ साली स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों या घड्याळांच्या गावी जन्मले. वडील घड्याळाच्या तबकड्यांवर मिनाकाम करीत, आई संगीत शिकवी. आर्किटेक्चरची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. गावच्या कलाशाळेत घड्याळांवरचे कोरीवकाम शिकता शिकता एका शिक्षकाने त्यांना या वाटेला लावले. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १७९४ च्या आगीनंतर ते गाव सरळ, समांतर रस्त्यांनी पुन्हा आखले गेले होते. ज्याचे बालपण अशा चौकटीत गेले त्याला फेब्रुवारी १९५१ मध्ये सिमल्याच्या रस्त्यावरच्या एका विश्रामगृहात मेयर यांचा आराखडा दाखवला गेला, तेव्हा त्यातल्या वळणदार रस्त्यांचे काय होणार हे उघड होते. थोड्याच दिवसांत रस्ते सरळ झाले आणि आठशे मीटर रुंद, बाराशे मीटर लांब असे सेक्टर पडले. प्रत्येक वस्तीत तिची शाळा आणि तिचा बाजार, ही मेयर यांची मूळ कल्पना मात्र राहिली. पुढे तिचेही श्रेय नव्या नावावर जमा झाले.

फ्राय यांचे घडणे याच्या अगदी उलट दिशेचे. जन्म १८९९, लिव्हरपूलजवळच्या वॉलसी गावचा. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले, परत येऊन लिव्हरपूलच्या प्रसिद्ध विद्यालयात चार्ल्स रायली यांच्या हाताखाली शिकले. तिथे खांब, कमानी, प्रमाणबद्ध दर्शनी भाग अशी जुनी शिस्त चाले, जोडीला नगररचनेचे रीतसर शिक्षण. काही काळ त्यांनी रेल्वेची स्टेशनेही आखली. म्हणजे शहर ही कागदावर आधी हिशेबाने बसवायची गोष्ट आहे, पाण्याचा नळ, गटार आणि रस्त्याचा चढ यांच्यासकट, हे त्यांच्या अंगात लवकर मुरले. तिशी उलटल्यावर ते आधुनिक मताचे झाले. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले वॉल्टर ग्रोपियस लंडनला आले तेव्हा १९३४ ते १९३६ फ्राय त्यांचे भागीदार होते. पण माझ्या मते चंडीगडच्या दृष्टीने महत्त्वाचे काम त्यानंतरचे आहे. १९३७ मध्ये लंडनच्या एका गॅस कंपनीसाठी बांधलेले केन्सल हाउस. कामगारांसाठी ६८ घरे, आणि जुन्या गॅसच्या टाकीच्या वर्तुळाकार जागेवर मुलांची बालवाडी. या कामात घरबांधणीच्या जाणकार एलिझाबेथ डेन्बी त्यांच्या सोबत होत्या आणि ठरावीक भाड्यात कुटुंबाचे भागेल कसे, यावर त्यांचा कटाक्ष होता.

जेन ड्र्यू १९११ च्या. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या शाळेत शिकल्या आणि बाहेर पडल्यावर बाई म्हणून नोकरीला नकार ऐकत फिरल्या. पहिला नवरा आर्किटेक्टच होता. लग्न मोडले तशी भागीदारीही मोडली. युद्धाच्या काळात त्यांनी स्वतःची कचेरी काढली आणि सुरुवातीला फक्त बायकांनाच कामावर घेतले. त्याच काळात गॅस उद्योगासाठी त्यांनी स्वयंपाकघरांच्या रचनेचा अभ्यास केला. ओटा किती उंच, पाणी कुठे, उभे राहून काम करणारीच्या पाठीला काय होते, असे प्रश्न तेव्हाच्या मोठ्या आर्किटेक्टांच्या चर्चेत फारसे येत नसत. ड्र्यूंनी ते धंद्याचे प्रश्न मानले. पुढे चंडीगडमधली सर्वांत स्वस्त घरे त्यांच्याकडे आली ती काही योगायोगाने नव्हे.

युद्धाच्या अखेरीस हे दांपत्य पश्चिम आफ्रिकेत गेले. फ्राय तिथल्या ब्रिटिश वसाहतींचे नगररचना सल्लागार, ड्र्यू त्यांच्या साहाय्यक. गोल्ड कोस्ट (आजचा घाना) आणि नायजेरियात त्यांनी शाळा बांधल्या, इबादानचे विद्यापीठ आखले आणि उष्ण प्रदेशातील ग्रामीण घरांवर १९४७ साली एक व्यवहारी पुस्तकही काढले. त्यांच्या कामातला वसाहतवाद नाकारण्याचे कारण नाही. साम्राज्याच्या पैशाने, साम्राज्याच्या सोयीने ते चालले होते. पण ऊन, पाऊस, वारा, डास आणि तुटपुंजे अंदाजपत्रक यांच्याशी त्यांची ओळख तिथे पक्की झाली. चौघांपैकी उष्ण प्रदेशात राहून बांधलेले हे दोघेच होते.

इथे हवामानाबद्दल थोडे थांबायला हवे, कारण पश्चिम आफ्रिकेचे शिक्षण चंडीगडात जसेच्या तसे चालण्याजोगे नव्हते. तिथल्या दमट किनाऱ्यावर घरातून वारा आरपार जाऊ द्यावा लागतो; भिंत जितकी उघडी तितकी बरी. चंडीगडच्या मे-जूनमध्ये बाहेरची हवाच भाजून काढते, तेव्हा दिवसा घर बंद हवे आणि भिंत जाड. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की उलट, घर उघडे हवे. डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि धुके, म्हणजे ऊन आत यायला हवे. शिवाय उन्हाळ्यातल्या रात्री माणसे गच्चीवर किंवा अंगणात खाटा टाकून झोपणार. एकाच घराने हे सगळे सांभाळायचे, तेही वातानुकूलन नसताना. लोखंड, लाकूड, काच महाग. स्वस्त ती फक्त वीट. मग विटेचेच जे काही करता येईल ते या तिघांनी केले. दुहेरी भिंती, विटांच्या जाळ्या, खिडक्यांवर खोल छज्जे, जिन्याला हवा लागावी म्हणून सोडलेली भोके, गच्चीवर झोपणाऱ्यांना आडोसा म्हणून उंच कठडा. आज चंडीगडची खूण म्हणून या जाळ्यांचे फोटो काढले जातात. ती मुळात काटकसर होती.

सरकारने घरांची यादी दिली होती ती पगारानुसार. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत तेरा प्रकार, प्रत्येकाला ठरलेला खर्च. सर्वांत खालच्या प्रकाराला मिळणारी रक्कम सव्वातीन हजार रुपयांच्या आसपास. तेवढ्यात दोन खोल्या, पडवी, स्वयंपाकाची जागा, न्हाणी, संडास आणि मागे अंगण बसवायचे होते. नळाचे पाणी आणि वीज प्रत्येक घरात, शिपायाच्याही, हा आग्रह ठेवला गेला. १९५० च्या दशकातल्या आपल्या शहरांची, मुंबईच्या चाळींची स्थिती आठवली तर त्याचे मोल कळेल. नकाशांवर या घरांना नाव नसे. प्रकाराचा आकडा आणि त्यापुढे आर्किटेक्टच्या आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर एवढेच. जे म्हणजे जान्नरे, एफ म्हणजे फ्राय, डी म्हणजे ड्र्यू. शहरभर पसरलेल्या हजारो घरांवर या तिघांची सही आहे, ती या एका अक्षराची.

सेक्टर २२ आधी पुरा झाला आणि त्यात ड्र्यूंचे बरेच काम आहे. रांगेतली घरे, मधे छोटी मैदाने, चालत जाण्याच्या अंतरावर दुकाने आणि शाळा. फ्राय यांनी तिथे किरण सिनेमा बांधला. १९५४ पर्यंत करार संपून दांपत्य परत गेले. ड्र्यू पुढे १९६९ मध्ये आपल्याच जुन्या शाळेच्या, आर्किटेक्चरल असोसिएशनच्या, अध्यक्ष झाल्या. तरी आजही कित्येक लेखांत त्या ‘फ्राय यांच्या पत्नी’ म्हणून अवतरतात. आपल्याकडे कॉलेजात शिकवताना तरी हे थांबवावे.

पिएर जान्नरे मात्र गेले नाहीत, म्हणून या पुस्तकात सर्वांत मोठा लेख त्यांच्यावर आहे.

ते १८९६ साली जिनेव्हात जन्मले. तिथल्या ललितकला शाळेत रीतसर शिकले, पॅरिसमध्ये काँक्रीटचे उस्ताद पेरे बंधूंकडे उमेदवारी केली आणि १९२२ मध्ये चुलतभावाच्या कचेरीत भागीदार झाले. पुढची अठरा वर्षे दोघांची नावे बरोबर येतात. प्वासीचा व्हिला साव्होआ ज्यांच्या पाठ्यपुस्तकात आहे त्यांनी पानाच्या तळाची ओळ वाचावी. तिथे पिएर असतात. थोरला भाऊ लिहायचा, बोलायचा, सकाळी चित्रे काढायचा, वाद घालायचा. धाकटा कचेरीत बसून नकाशे पुरे करायचा, तपशील सोडवायचा, साइटवर जायचा. भांडण म्हणावे तर झाले ते राजकारणावरून: १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर कॉर्ब्युझिए जर्मनधार्जिण्या विशी सरकारच्या दारात काम मागायला गेले आणि पिएर ग्रनोब्लला जाऊन प्रतिकार चळवळीत मिसळले. दहा वर्षे दोघांचे मार्ग वेगळे राहिले. भारताच्या कामाने ते पुन्हा जवळ आले. आपण इथे नसताना विश्वासाने काम सांभाळील असा दुसरा माणूस कॉर्ब्युझिएंकडे नव्हता, हे त्यांनाही माहीत असणार.

पिएर यांच्या आवडी साध्या होत्या. डोंगर, होड्या, आणि हाताने वस्तू करणे. पॅरिसच्या दिवसांत कचेरीतल्या सहकारी शार्लोत पेरियांसोबत ते समुद्रकाठी नि रानात फिरून दगड, हाडे, लाकडाचे ओंडके गोळा करीत. असा माणूस पन्नाशीत एका उघड्या माळावर येऊन पडला, जिथे साहित्य म्हणजे वीट, नदीतले गोटे, बांबू, दोरी आणि पंजाबी सुतार. ते रमले. स्वतःसाठी बांबू-दोरीचे फर्निचर केले. सुखना तलावासाठी पायाने चालवायची होडी आखली. सेक्टर ५ मधले त्यांचे राहते घर आता संग्रहालय आहे. विटांची जाळी आणि गोट्यांची भिंत यांचा हा संसार पाहिला की कॅपिटॉलच्या प्रचंड काँक्रीटपासून आपण किती दूर आलो ते जाणवते. विद्यापीठातले गांधी भवनही त्यांचेच, पाण्यात ठेवलेल्या तीन पाकळ्यांसारखे. मला ते त्यांचे सर्वांत चांगले काम वाटत नाही. त्यात प्रतीक जरा उघडे पडते. त्यांच्या साध्या शाळा आणि घरे अधिक पक्की आहेत.

खुर्च्यांची गोष्ट लोकांना ठाऊक असते, पण अर्धीच. नव्या कचेऱ्यांना, न्यायालयाला, विद्यापीठाला फर्निचर हवे होते. पिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत युली चौधरी प्रमुख, सागवान आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. उलट्या व्हीसारखे पाय, सुताराला सहज जमेल असे सांधे. स्थानिक कारागिरांनी त्या मोठ्या संख्येने बनवल्या आणि खात्यांनी मागच्या बाजूला पांढऱ्या रंगात आपापले नंबर टाकले. पुढे त्या मोडल्या, भंगारात निघाल्या, सरकारी लिलावात कवडीमोलाने गेल्या. त्यातल्या अनेक युरोप-अमेरिकेत दुरुस्त होऊन लाखो रुपयांना विकल्या गेल्या. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०११ मध्ये अशा विक्रीवर निर्बंध आणले. ग्राहक आज सर्वांत आधी मागचा पांढरा नंबर तपासतो. सरकारी कारकुनाने टाकलेला तो आकडा अस्सलपणाचा पुरावा ठरला आहे.

पंजाब सरकारचे मुख्य आर्किटेक्ट म्हणून पिएर १९६५ पर्यंत चंडीगडात राहिले. प्रकृती ढासळल्यावर जिनेव्हाला परतले आणि डिसेंबर १९६७ मध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे १९७० मध्ये अस्थी सुखना तलावात सोडण्यात आल्या. कॉर्ब्युझिए त्याआधीच, ऑगस्ट १९६५ मध्ये, भूमध्य समुद्रात पोहताना गेले होते.

युली चौधरींचे नाव वर आले. त्या सिडनीत शिकलेल्या, फ्रेंच जाणणाऱ्या. कॉर्ब्युझिए आणि इतर यांच्यातला बराच संवाद त्यांच्यामार्फत झाला, आणि मुलींचे पॉलिटेक्निक ही त्यांची स्वतःची इमारत. आदित्य प्रकाश चित्रकार होते, टागोर थिएटर त्यांचे. एम. एन. शर्मा पिएर यांच्या जागी मुख्य आर्किटेक्ट झाले. या चमूत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही मराठी नावे आहेत, आणि मुंबईचे पिलू मोदी, जे पुढे संसदेत गाजले. परदेशी चौघे असा उल्लेख करताना ही माणसे गळतात. तसे होऊ नये म्हणून त्यांचा भाग आम्ही परिशिष्टात न टाकता मुख्य मजकुरात घेतला आहे.

मराठी वाचकाला या विषयाशी आपला संबंध काय असे वाटले, तर दोन गोष्टी सांगतो. मुंबईच्या ‘मार्ग’ या कलाविषयक त्रैमासिकाने डिसेंबर १९६१ चा अंक चंडीगडला दिला होता. आणि १९६५ मध्ये त्याच त्रैमासिकाने चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांची खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना छापली. तिघांपैकी दोन आर्किटेक्ट, एक स्थापत्य अभियंता. ही त्रयी चंडीगडची नक्कल करीत नव्हती. पण वेगवेगळ्या घडणीची माणसे एकत्र बसून शहराचा विचार करतात, हे दृश्य आपल्याकडे नंतर फारसे दिसले नाही. आता आराखडे सल्लागार कंपन्या देतात आणि त्यांवर माणसाचे नावही नसते.

चौघांवरचा एक आक्षेप मी टाळणार नाही. पगारानुसार घरे, घरांनुसार सेक्टर, अशी उतरंड त्यांनी मुकाट्याने कागदावर उतरवली. ती सरकारने दिली होती हे खरे, पण नाकारल्याचे दिसत नाही. ज्या गावांची शेते घेतली त्यांना आराखड्यात जागा नव्हती. ज्यांनी डोक्यावरून विटा वाहिल्या ते तेराव्या प्रकाराच्याही खाली होते, म्हणजे यादीतच नव्हते. ते झोपड्यांत राहिले. ड्र्यूंनी शिपायासाठी जे केले ते मजुरासाठी कोणीच केले नाही. लेखकांनी यावर अधिक कठोर व्हायला हवे होते असे मला वाटते.

तिघांच्या कामाची पद्धतशीर नोंद भारतात फार उशिरा झाली. किरण जोशी यांचा ग्रंथ १९९९ चा. तोवर अनेक घरांच्या गच्च्या पत्र्यांनी झाकल्या होत्या, जाळ्या विटा लावून बुजवल्या होत्या. २०१६ मध्ये युनेस्कोने कॅपिटॉलला जागतिक वारशाचा दर्जा दिला. सेक्टर २२ च्या घरांना तो नाही आणि मिळण्याची चिन्हेही नाहीत.

वाचकांना एक विनंती. चंडीगडला जाल तेव्हा पुस्तक बरोबर न्या, पण पाहण्याचा क्रम उलटा ठेवा. कॅपिटॉलला नोंदणी करावी लागते, ओळखपत्र दाखवावे लागते आणि ठरलेल्या वेळी वाटाड्याबरोबर फिरावे लागते. सेक्टर २२ ला यातले काही लागत नाही. आधी तिथे जा, तेही सकाळी ऊन चढण्यापूर्वी, आणि लोकांची राहती घरे आहेत हे लक्षात ठेवून फोटो विचारून काढा.